गरोदरपणातील वजन आणि फोनवरचा निरोप

गरोदरपणात आईचे वजन योग्य प्रमाणात वाढावे, ते कमी पडू नये आणि बेसुमारही वाढू नये, यासाठी मोबाईलवर ठरावीक दिवशी छोटे निरोप पाठवण्याची पद्धत गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुळली आहे. निरोप कधी लेखी असतात, कधी आवाजी. मुंबईत मराठीतून हे काम 2014 पासून चालू आहे, केंद्र सरकारचे 2016 पासून. आपल्या मंडळानेही दाजीबानपेठ व आसपासच्या सभासद कुटुंबांसाठी लहान प्रमाणात हा उपक्रम करून पाहिला. त्यातून जे कळले आणि वाचनातून जे जमले, ते येथे एकत्र देत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आमच्यापैकी बहुतेकांचा जन्म बँकेच्या खातेवहीत नाही तर दुकानाच्या गल्ल्यावर गेला. तेव्हा आकडे आमच्याकडून घ्यावेत, पण अखेरचा शब्द आपल्या डॉक्टरांचा मानावा.

वजन किती वाढावे

पहिला प्रश्न हाच येतो, आणि त्याला एकच उत्तर नाही. गरोदर राहण्यापूर्वी बाई किती सडपातळ किंवा स्थूल होती यावर ते ठरते. त्यासाठी बीएमआय काढतात: वजन किलोत घ्यायचे आणि उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गाने भागायचे. उंची 1.55 मीटर आणि वजन 50 किलो असेल तर बीएमआय साधारण 20.8 येतो. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 साली दिलेली मर्यादा जगभर वापरली जाते. बीएमआय 18.5 पेक्षा कमी असेल तर नऊ महिन्यांत 12.5 ते 18 किलो, 18.5 ते 24.9 असेल तर 11.5 ते 16 किलो, 25 ते 29.9 असेल तर 7 ते 11.5 किलो आणि 30 किंवा त्याहून अधिक असेल तर 5 ते 9 किलो वाढ योग्य धरतात. आपल्याकडील सरकारी दवाखान्यांत सर्वसाधारणपणे 10 ते 12 किलो सांगतात. आपल्या बायकांची उंची आणि बांधा पाहता तो आकडा व्यवहाराला धरून आहे. भारतीयांत 23 बीएमआयपासूनच वजन जास्त मानावे असे अनेक डॉक्टर म्हणतात, तेही ध्यानात असू द्यावे.

ही वाढ सगळी एकदम होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो. कोरड्या ओकाऱ्या जास्त असतील तर वजन थोडे उतरतेही. पुढे बांधा मध्यम असेल तर आठवड्याला सुमारे 400 ग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड ते दोन किलो. हा हिशेब पासबुकासारखा आहे. एका नोंदीवरून काही कळत नाही, ओळीने नोंदी पाहिल्या की खात्याची चाल कळते.

एवढे वजन जाते कुठे, असे सासूबाई विचारतात, तेव्हा त्याचीही फोड सांगता येते. बाळ सुमारे तीन किलो, वार पाऊण किलोच्या आसपास, गर्भजल तेवढेच किंवा थोडे अधिक, वाढलेले गर्भाशय एक किलो, आईचे वाढलेले रक्त सव्वा ते दीड किलो, अंगातले पाणी दीड किलो, स्तनांची वाढ थोडी, आणि उरलेली तीनेक किलो चरबी. ही चरबी म्हणजे पुढे दूध पाजण्याच्या दिवसांसाठी शरीराने ठेवलेली मुदत ठेव होय. ती मोडायची वेळ बाळंतपणानंतर येते.

‘दोघांचं खा’ आणि ‘फार खाऊ नको’

आपल्या घरांत दोन सल्ले एकाच वेळी नांदतात. एक, “खा की ग, दोन जिवांची आहेस.” दुसरा, “बेतानं खा, पोर मोठं झालं तर बाळंतपण अडेल.” पहिला सल्ला पेठेतल्या खात्यापित्या घरांत, दुसरा खेड्यातून आलेल्या किंवा रोजंदारीवर असलेल्या घरांत जास्त ऐकू येतो. दोन्हींचा परिणाम आम्ही पाहिला आहे. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील सुमारे 19 टक्के बायका कृश आणि 24 टक्के स्थूल आढळल्या. म्हणजे एकच निरोप सगळ्यांना पाठवला तर निम्म्यांना चुकीचा जाईल की काय, ही शंका रास्त आहे.

वजन कमी वाढले तर बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मण्याची भीती असते. फार वाढले तर गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब, सिझेरियन, आणि नंतर न उतरणारे वजन. दोन जिवांसाठी दुप्पट खायचे नसते. चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे 350 कॅलरी जादा पुरतात, म्हणजे नेहमीच्या जेवणात एक भाकरी, वाटीभर आमटी किंवा उसळ आणि कपभर दूध यांची भर.

पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यात एक गोष्ट अशी दिसली की पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेणाऱ्या आयांची बाळे आकाराने बरी होती. नुसत्या जास्त कॅलरींचा तसा संबंध दिसला नाही. दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. आपली बाळे वजनाने हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. नंतर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ‘सारस’ नावाच्या प्रकल्पात हजारो बायकांना पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ रोज देऊन पाहिला. गरोदर राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी 48 ग्रॅम जास्त भरले. 48 ग्रॅम ऐकायला थोडे वाटते. पण त्याच बायकांत गरोदरपणातला मधुमेह जवळजवळ निम्मा आढळला, ते लहान नाही. शेजारच्या बेळगावातही जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजाने आंतरराष्ट्रीय प्रयोगात भाग घेऊन आधीपासूनच्या पोषणाची तपासणी केली होती. सांगायचे ते हे की विषय आपल्या अंगणातला आहे.

मुंबईची एममित्र आणि सरकारची किलकारी

डॉ. अपर्णा हेगडे या मुंबईच्या स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी 2008 साली ‘अरमान’ ही संस्था काढली आणि 2014 साली ‘एममित्र’ ही सेवा सुरू केली. दवाखान्यात नाव नोंदवताना किंवा वस्तीत घरोघरी जाऊन गरोदर बाईचा फोन नंबर, तारखा, भाषा आणि तिला सोयीची वेळ लिहून घेतात. मग तिच्या महिन्यानुसार दोनेक मिनिटांचा आवाजी निरोप विनामूल्य येतो. फोन उचलला नाही तर पुन्हा येतो. तरी चुकला तर मिस्ड कॉल दिला की परत ऐकता येतो.

केंद्र सरकारची ‘किलकारी’ 2016 च्या जानेवारीत सुरू झाली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे 72 निरोप. बोलणाऱ्या ‘डॉ. अनिता’ हे कल्पित पात्र आहे, पण बायका त्यांना खऱ्याच डॉक्टरीणबाई समजतात असे म्हणतात, आणि त्यात वावगे काही नाही. मराठीतून ही सेवा महाराष्ट्रात 2024 साली सुरू झाली.

परदेशांतही असे प्रयोग झाले. अमेरिकेत ‘टेक्स्टफॉरबेबी’ 2010 साली निघाली. खास वजनासाठीचा एक छोटा प्रयोग ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झाला. आधीपासून वजन जास्त असलेल्या 100 गरोदर बायकांपैकी निम्म्यांना संदेश व फोनवरचे मार्गदर्शन दिले, तेव्हा त्यांचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दोन किलोने कमी वाढले.

आता दुसरी बाजू. किलकारीची मोठी चाचणी मध्य प्रदेशात झाली, तीत निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात फरक पडला नाही. पाळणा लांबवण्याची साधने वापरणाऱ्यांत मात्र थोडी वाढ दिसली. अरमानलाही अनुभव असा आला की बऱ्याच बायका काही आठवड्यांनी निरोप ऐकणे सोडून देतात. कोण सोडणार याचा अंदाज संगणकाकडून घेऊन अशा बायकांना माणसाने प्रत्यक्ष फोन करायचा, असा प्रयोग त्यांनी गुगलच्या भारतातील संशोधकांसोबत केला आणि गळती सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाली. आमच्या मते यातले सार शेवटच्या वाक्यात आहे. यंत्राने सांगितले, पण फोन माणसाने केला.

पेठेत काय झाले

मंडळाच्या हळदीकुंकवाला आलेल्या काही सुनांनी विषय काढला तेव्हा आम्हाला वाटले, यात अवघड ते काय? बँकेत आम्ही खातेदारांना हप्त्याच्या आठवणीचे संदेश पाठवतच होतो. पाच-सहा जणांनी बसून मराठीत छोटे निरोप लिहिले, डॉक्टरांकडून तपासून घेतले आणि पाठवायला लागलो. महिनाभराने विचारपूस केली, तर निम्म्या जणींनी वाचलेच नव्हते.

कारण ऐकून आम्हीच ओशाळलो. या मुली घरात मराठी बोलतात, पण शिकल्या कन्नड शाळेत. देवनागरी अक्षर लावून वाचायला त्यांना वेळ लागतो. पाटीवरचे नाव वाचतील, चार ओळींचा निरोप कोण वाचणार? आमच्या पिढीने मराठी शाळा पाहिली, त्यामुळे हे लक्षातच आले नाही. मग मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या आवाजात निरोप मुद्रित केले. त्या ‘मावशी बोलतेय’ अशी सुरुवात करतात. तेव्हापासून ऐकणाऱ्या वाढल्या. दोन-तीन घरांत सासूही शेजारी बसून ऐकते.

दुसरी अडचण फोनची. तीच राष्ट्रीय पाहणी सांगते की स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या सुमारे 54 टक्के बायकांकडेच आहे. आपल्या पेठेत परिस्थिती त्याहून बरी आहे, तरी नोंदवलेला नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो आणि नवरा दिवसभर दुकानात. सकाळी अकराचा निरोप रात्री नऊला घरी पोचतो, पोचला तर. म्हणून आता वेळ विचारून घेतो. बहुतेकींना दुपारी तीन ते चार सोयीचे वाटते, जेवणे उरकलेली आणि घर निवांत.

तिसरी गोष्ट लिहावी की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. लिहितो आहोत, कारण असे काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या मंडळांना ती ठाऊक असायला हवी. आमच्या यादीतील एका मुलीचा गर्भ पाचव्या महिन्यात गेला. घरच्यांनी कोणाला सांगितले नाही, आम्हालाही कळले नाही. पुढच्या सोमवारी ठरल्याप्रमाणे तिच्या फोनवर मावशीचा आवाज गेला: बाळाला आता तुझा आवाज ऐकू येऊ लागला आहे. तिच्या आईने मंडळात येऊन शांतपणे एवढेच विचारले, “तुम्ही आधी चौकशी करत नाही का?” आमच्याकडे उत्तर नव्हते. बँकेत खातेदार वारला तर खात्यावर खूण करायची रीत आम्ही पस्तीस वर्षे पाळली, आणि येथे तशी खूण करायची जागाच ठेवली नव्हती. त्यानंतर महिनाभर सगळे निरोप बंद ठेवले. आता दर पंधरा दिवसांनी मंडळातील एक बाई प्रत्येकीला फोन करते, आधी नुसती ख्यालीखुशाली विचारते, आणि तिने होकार भरल्यावरच पुढचे दोन निरोप जातात.

निरोप कसा असावा

लहान असावा, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि ती आजच करता येण्यासारखी असावी. ‘सकस आहार घ्या’ या वाक्याने कोणाचेही पोट भरत नाही. आमच्याकडचे दोन नमुने देतो.

पाचव्या महिन्यातला, सडपातळ मुलींसाठी: “मावशी बोलतेय. संध्याकाळी चहाबरोबर काय खातेस? आज मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाऊन बघ. चहा मात्र लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर नको.”

त्याच महिन्यातला, वजन भराभर वाढत असलेल्यांसाठी: “मावशी बोलतेय. मिरची भजी आणि गिरमिट रोज नको ग, आठवड्यातून एकदा. भूक लागली तर मोडाची मटकी नाहीतर ताक घे. उपाशी मात्र राहू नकोस, वजन आत्ता उतरवायचं नाही.”

या शेवटच्या वाक्यावर डॉक्टरांनी फार जोर दिला. गरोदरपणात वजन कमी करण्याचा आहार धरायचा नसतो, बाई कितीही स्थूल असली तरी. वाढीचा वेग आवरायचा, एवढेच.

खाण्याचे पदार्थ आपल्याच स्वयंपाकघरातले सांगावेत. ज्वारीची भाकरी, कारळ्याची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, मेथी, शेपू, राजगिरा, अंबाडीची भाजी (येथे आपण तिला पुंडीपल्लेच म्हणतो), नाचणीची आंबील, अंडे चालत असेल तर अंडे. बदाम-पिस्त्यांची नावे घेतली की ऐकणारीला वाटते, हे आपल्यासाठी नाही. डोहाळजेवणाचे लाडू आणि कुबसाचे गोडधोड यांवर आम्ही काही बोललो नाही. तो एक दिवस असतो. रोजचा हिशेब बाकीच्या दिवसांनी बनतो.

लोहाची गोळी हा निरोपांतला दुसरा मोठा भाग. दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, किमान 180 दिवस, असे सरकारी धोरण आहे. त्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नाही, वेगळ्या वेळी घ्यायची. शौचाला काळे होते म्हणून पुष्कळजणी गोळी सोडतात. ते आधीच सांगून ठेवले की सोडत नाहीत.

आणि एक निरोप सातव्या महिन्यापासून आम्ही वारंवार पाठवतो. एका आठवड्यात वजन दोन किलोच्या आसपास वाढले, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज आली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, तर हे वाढलेले वजन खाण्याचे नव्हे. ते पाण्याचे असते, आणि रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. तपासणीच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वाहन नसेल तर 108. आमच्या एका सभासदाच्या मुलीला बांगड्या अचानक घट्ट झाल्या. घरात सगळे म्हणाले, “अंग भरलंय, बरंच झालं.” तिने निरोप दोनदा ऐकला आणि नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतले. रक्तदाब 160 च्या वर होता. बाळंतपण तीन आठवडे आधी करावे लागले; मायलेक सुखरूप आहेत.

नोंद कोठे व कशी करावी

सरकारी नोंदणी आधी करावी, मंडळाची नंतर. आशाताईंकडे किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात बारा आठवड्यांच्या आत नाव घालून तायी कार्ड घ्यावे. शेवटच्या पाळीची तारीख नीट सांगावी, कारण निरोपांचा महिना त्यावरूनच मोजतात. फोन नंबर स्वतःचा द्यावा. कर्नाटक सरकारची मातृपूर्ण योजना 2017 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झाली, तीत अंगणवाडीत गरोदर व बाळंतिणींना महिन्यातून 25 दिवस गरम जेवण मिळते. पेठेतल्या घरांना तेथे जायला संकोच वाटतो असे दिसते. ज्यांना गरज आहे त्यांनी तो बाळगू नये. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची विनामूल्य तपासणी होते.

पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी येतात, पुण्याहून, कोल्हापूरहून, सांगलीहून. त्यांनी तिकडचे कार्ड आणि सगळे कागद बरोबर आणावेत, नाहीतर आठव्या महिन्यात आधीचे वजन किती होते हे सांगायला कोणी नसते. वजन शक्यतो एकाच काट्यावर, एकाच वेळी, चपला काढून करावे. दुकानातल्या मालाच्या काट्यावर केलेले आम्ही धरत नाही, हे येथे लिहावे लागते, कारण तसे केलेले आहे.

मंडळाच्या निरोपांसाठी कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत नाव, शेवटच्या पाळीची तारीख, आधीचे वजन, उंची आणि सोयीची वेळ सांगावी. वही महिला सभासदांकडेच असते, इतर कोणी ती उघडत नाही. निरोप नको झाले तर मंडळाच्या नंबरवर एक मिस्ड कॉल द्यावा. त्याच दिवसापासून ते थांबतात, आणि कारण कोणी विचारत नाही.